पागेवाल्याच्या घरचं माडगं

कोल्हापूरचं नाव काढलं की परगावच्या माणसाला आधी तांबडा रस्सा आठवतो, मग पांढरा, मग गूळ. माझं त्याच्याशी काही भांडण नाही. मीही रस्सा ओरपलेला आहे, आणि देवानं पोट धड ठेवलं असतं तर अजून ओरपला असता. पण कुणी मला विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी काय खात होता?" आणि मी "हुलग्याचं माडगं" म्हटलं, की विचारणाऱ्याचं नाक जे मुरडतं ते बघून माझं डोकं फिरतं. मी जणू कडबा खाल्ला म्हणून सांगितलं! अंबाडीला नाक मुरडा, कण्यांना मुरडा, पाथरीच्या भाजीला मुरडा, मी एक वेळ ऐकून घेईन. माडग्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेत नाही, कारण माझा संसार त्याच्यावर उभा राहिला आहे.

आधी माडगं म्हणजे काय ते सांगते. हुलगे, म्हणजे कुळीथ, खमंग भाजायचे, जात्यावर दळायचे. ते पीठ पाण्यात कालवून चुलीवर चढवायचं आणि गुठळी होऊ नये म्हणून हलवत राहायचं. लसूण, जिरं, मीठ, मिरचीचा ठेचा, आणि उतरवताना ताक. पळीवरून सावकाश ओघळेल इतपत दाट झालं की त्यात जोंधळ्याची भाकरी कुस्करायची. थंडीच्या दिवसांत असं माडगं पोटात गेलं की कानाच्या पाळ्यासुद्धा गरम होतात.

महाराजांच्या कारकिर्दीतले ते दिवस. आमचे आबा दरबारच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, दाणावैरण घालायची, आजारी घोड्याजवळ बसून राहायचं, हे त्यांचं काम. घोड्यांच्या खुराकात हरभरा असे, हुलगे असत. आणि आमच्या घरातही हुलगेच शिजत, कारण आबा माळरानावरच्या गावचे. त्यांना माडग्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. आता या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की रिकाम्या डोक्याला तिसरी सुचायला किती वेळ लागतो?

आमच्या शेजारी एक बाई राहायची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिनं गल्लीभर करून टाकलं, की पागेवाला घोड्याच्या तोंडचा घास काढून घरात आणतो. आबा तर पागेतून निघताना अंगरखा झटकून निघायचे, चुकून एखादा दाणा अडकून घरी यायला नको म्हणून. हुलगे आम्ही बाजारातून विकत आणत होतो. पण असल्या गोष्टी दारोदार जाऊन कशा सांगणार?

माझी एक सोयरीक जमत आलेली मोडली ती याच बोलण्यानं. तिकडून निरोप आला, की घोड्याचा खुराक खाणाऱ्या घरची पोरगी आम्हाला नको. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझं वय त्या काळच्या हिशेबानं उलटून चाललेलं, आणि गल्लीतल्या बायका मला 'पागेची घोडनवरी' म्हणायच्या. मी तोंडावर हसायची. मागं जाऊन रडायची, हेही लिहून टाकते, आता कुणाची लाज धरायची?

सगळ्यांत जास्त मनाला लावून घेतलं ते आईनं. तिचं माहेर नृसिंहवाडीच्या बाजूचं, नदीकाठचं. तिकडं काळी जमीन, खपली गहू, दुभती जनावरं. "माझ्या म्हायेरी हुलगं बैलाम्होरं टाकत्यात," असं ती सारखं म्हणायची, आणि माडगं मात्र असं करायची, की आबा भांडं चाटूनपुसून ठेवायचे. ती सोयरीक मोडल्यापासून आई जेवायला बसताना दाराकडं पाठ करून बसायला लागली. जाणाऱ्या-येणाऱ्याला आपल्या ताटात काय आहे ते दिसू नये म्हणून. मला ती वाकलेली पाठ बघवत नसे.

मग हातकणंगल्याच्या पलीकडचं एक स्थळ आलं. माळावरची शेतकरी माणसं, मुलगा एकुलता. मुलाचे वडील आणि मुलाची थोराड आत्या मला बघायला यायचे होते. आईनं चंगच बांधला. या खेपेला घरात हुलग्याचा दाणा दिसता कामा नये! मडकं तिनं उतरंडीच्या मागं दडवलं. मामाकडून खपली गहू मागवला. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, वर तूप. एवढ्यानं भागलं असतं, पण आईला वाटलं भजी पाहिजेतच. भजी झाली तर कुरडया तळायला घेतल्या. पाहुणे बाहेरच्या सोप्यावर बसून आगगाडीची वेळ आठवत होते आणि आई एकेक घाणा वाढवत होती.

बघण्याचा कार्यक्रम झाला. मी मान खाली घालून बसले. आत्याबाईंनी माझे हात हातात घेऊन तळवे बघितले आणि विचारलं, "भाकरी येती व्हय गं थापाय?"

माझ्याआधी आईच बोलली, "भाकरीचं काय घिऊन बसलाय? आमच्यात पोळ्याच असत्यात की रोजच्याला. आजच्या बी तिनंच केल्यात."

मला पुरणपोळी धड लाटता येत नव्हती. माझी पोळी म्हणजे नकाशा. मी आणखी मान खाली घातली.

पाहुणे पोळी खाताना गप्प गप्प होत गेले. आत्याबाईंनी तुपाची वाटी बाजूला सारली. निघताना मुलाचे वडील एवढंच म्हणाले, "बगतो, कळवतो." आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईला तेवढं कळलं नाही. तिनं उरलेल्या सगळ्या पोळ्या त्यांच्या शिदोरीला बांधून दिल्या आणि त्यांना टांग्यात बसवलं. आबा खांबाला टेकून बसले. मीही ओळखलं. हे स्थळही गेलं, आणि आता पुढचं कुठून यायचं?

दिवस कलला. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं पोटभर जेवायचं नसतं, त्यामुळं माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आईनं ठेवणीतलं लुगडं बदललं, पदर खोचला आणि म्हणाली, "बास झाला आता थाट." उतरंडीमागचं मडकं निघालं. हुलगे भाजायला घेतले, मी जात्यावर बसले. घरभर तो भाजका वास सुटला, आणि खरं सांगते, दिवसभरात पहिल्यांदा मला घरात असल्यासारखं वाटलं. माडगं चुलीवर रटरटायला लागलं आणि दारात कुणीतरी खोकलं.

पाहुणे! दोघंही! मुलाच्या वडिलांच्या पायावर धुळीची पुटं, आत्याबाईंच्या हातात आमचीच शिदोरी.

"गाडी गेली की ओ," मुलाचे वडील आबांना म्हणाले. "आमी फलाटावर पाय टाकाय आन ती हलाय. आता सकाळच्यालाच. म्हटलं, पावणं हायेत तर उगं धर्मशाळंत कशाला?"

आबा उठून पाणी द्यायला गेले. आईची मात्र पाचावर धारण बसली. तिनं भाकरीची बुट्टी उचलली आणि सरळ माडग्याच्या भांड्यावर पालथी घातली. बुट्टी बांबूची. तिच्या बारीक बारीक भोकांतून वाफ अशी निघाली, की भांडं झाकण्याऐवजी तिनं ते दाखवून दिलं. आत्याबाई तोवर चुलीपाशी येऊन टेकल्या होत्या.

"हुलग्याचा वास हाय न्हवं ह्यो?"

"छ्या! शेजारनं येतोय," आई म्हणाली. "तुमी बसा. त्या पोळ्याच गरम करून वाडते."

"नगं बया. दुपारचं अजून हितंच हाय," आत्याबाईंनी गळ्याला हात लावला. मग बुट्टीकडं बघितलं. "शेजारनं येतोय म्हणतीस, आन वाफ तुज्या बुट्टीतनं निघतीया."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला तसं बघून माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. मी उठले, बुट्टी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आमचंच हाय ते. आमी रोज खातो. पोळ्या आईनं केल्यात, मला भाकरी येती. आन हुलगं पागेतलं न्हाय, बाजारातनं इकत आणल्यालं हाय."

बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीनं असं तोंड उघडायचं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. सोप्यावरचं बोलणं थांबलं. पण आता मागं कुठं जाणार? मी परात घेतली, पीठ मळलं आणि भाकरी थापायला लागले. पहिली भाकरी चिरली. दुसरी टम्म फुगली.

आत्याबाईंनी माडग्यात भाकरी कुस्करली. एक घास घेतला. मग एक. मग वाटीच तोंडाला लावली. आम्ही मायलेकी त्यांच्याकडं बघत बसलो होतो.

"आमच्यात ह्याच्यात गूळ घालत्यात," त्या म्हणाल्या. "पर ताकाचं बी झ्याक लागतंय." आणि बसल्या जागेवरून भावाला हाक मारली, "अरं, हितं ये की आत! माडगं हाय!"

मुलाचे वडील आबांना घेऊन आत आले, शेजारी बसले आणि दोघं माडगं ओरपायला लागले. दुपारी तोंडातून शब्द न काढणारा तो माणूस आता थांबेना. यंदा कुठल्या रानात हुलगे पेरले, कुठले उगवले, कुठले रानडुकरांनी खाल्ले. आबाही खुलले. जेवण झाल्यावर आत्याबाईंनी आईचा हात धरला.

"आगं, दुपारी ताटात पोळी बगितली आन माज्या काळजात चर्र झालं. म्हटलं, ही गव्हावर वाडल्याली लेक. आमच्या माळावर पाऊस रुसला की हुलग्याबिगर काय हाताला लागत न्हाय. ही येणार आन रडणार, आमास्नी बी रडवणार. टांग्यात बसल्या बसल्या आमी न्हाय म्हणूनच ठरवलंतं. गाडी गावली असती तर?"

आई तोंडाला पदर लावून रडायला लागली. स्थळ जाऊ नये म्हणून जे जे लपवलं, त्यानंच ते जात होतं. मलाही रडू आलं आणि हसूही आलं.

सकाळी पाहुणे सुपारी फोडूनच गाडीला गेले.

लग्न ठरलं आणि मागोमाग निरोप आला: वऱ्हाडाला पंगतीत एकेक वाटी माडगं पाहिजे. आई हबकली. "लगीन हाय का थट्टा? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे कोण, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आबा बाजारात गेले, हुलग्याचं पोतं खांद्यावर टाकलं आणि भर दुपारी, पोत्याचं तोंड उघडं ठेवून, सगळी गल्ली चालत घरी आले. पेठेतला हुलगेवालाच मागून येत होता, राहिलेलं मापटं घेऊन.

लग्नघरचं दळण शेजारणींनी येऊन दळायचं, ही रीत. आईनं त्या जिभेला हाड नसलेल्या बाईला मुद्दाम बोलावणं धाडलं. ती आली. तिनं जात्याचा खुंटा धरला, दुसऱ्या बाजूनं आईनं धरला, आणि दोघींनी मिळून हुलगे दळले. काय बोलल्या मला माहीत नाही, जात्याची घरघर मोठी होती. पण संध्याकाळी ती बाई पदरानं पीठ झटकत मला म्हणाली, "चांगल्या घरी चाललीस गं पोरी." तिनं ते मनापासून म्हटलं असावं, असं मी धरून चालते.

पंगती उठल्या. वऱ्हाडानं माडगं मागून मागून घेतलं, लाडू उरले. कन्यादानासाठी आई-आबा सकाळपासून उपाशी होते. माझी पाठवणी झाली, गळ्यात पडून रडून झालं, आणि मी टांग्यात बसले. करवली मागं काहीतरी विसरली म्हणून टांगा थांबला होता. मी सहज वळून बघितलं.

आबांनी आईला ओट्यावर आणून बसवलं होतं आणि तिच्या हातात माडग्याची वाटी दिली होती. ती वाटीत बघत होती. क्षणभर वाटलं, आता ही सवयीनं पाठ फिरवणार. रस्त्यावर सगळी गल्ली उभी होती, ती शेजारीण ओट्याला टेकून उभी होती. आईनं वर बघितलं, पदरानं डोळे पुसले, रस्त्याकडं तोंड करून मांडी नीट घातली आणि वाटी तोंडाला लावली.