न धुवायचा टॉवेल

समोर कोण उभं आहे हे मावशींना नंतर दिसायचं, आधी त्याच्या शर्टावरचा डाग दिसायचा. बास्केटबॉल क्लबच्या धुलाईखोलीत त्यांची उभी हयात गेली होती. क्लबच्या अध्यक्षांशी त्यांचं पहिलं बोलणं झालं तेच मुळी असं, "साहेब, बाहीला शाई लागलीय. काढून द्या इकडे, वाळली की निघायची नाही." अध्यक्षांनी मुकाट्याने कोट काढून दिला. खेळाडू तर एकेक जण दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच, पण मोजे उलटे टाकले म्हणून मावशी ओरडायला लागल्या की सगळे खाली मान घालून उभे राहायचे.

धुलाईखोली मैदानाच्या बरोबर खाली होती. इतकी वर्षं क्लबात काढून मावशींनी एकही सामना धड पाहिला नव्हता, कारण सामना सुरू झाला की त्यांची मशिनं सुरू व्हायची. पण त्यांना सगळं छतातून कळायचं. पायांचा धडधडाट आणि मागोमाग आरडाओरडा झाला, म्हणजे बास्केट आपली. नुसताच धडधडाट झाला आणि वर चिडीचूप, म्हणजे त्यांची. रेफ्रीवर सगळे खवळले की पाइपांवरची धूळ खाली पडायची आणि मावशी रेफ्रीला आणि धुळीला एकाच दमात शिव्या घालायच्या.

त्या वर्षी क्लबाने कमाल केली. देशोदेशीच्या क्लबांच्या स्पर्धेत तो थेट शेवटच्या चारांत जाऊन बसला, आणि शेवटचा शनिवार-रविवार खेळला जाणार होता तो याच हॉलमध्ये. शनिवारी उपांत्य सामना, जिंकलं तर रविवारी अंतिम. मावशींचाही तो शेवटचाच शनिवार-रविवार. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि सोमवारपासून त्या घरी बसणार होत्या. "जाता जाता कप बघून जाते," असं त्यांनी महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि एक होता टॉवेल. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात कोचनी घाबरून खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातांत धरलं आणि संघ जिंकला. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक सामन्यात तोच टॉवेल, तेच टोक, आणि त्याला पाणी लावायचं नाही असा सक्त हुकूम. सामना संपला की कॅप्टन स्वतः तो धुलाईखोलीतल्या वेगळ्या खुंटीला टांगून जायचा. मावशींचा जीव नुसता तळमळायचा. "नशीब घाणीत असतं होय रे? मग आमच्या घरच्या पायपुसण्यालाच देऊन टाका तुमचा कप." पोरं हसायची, पण टॉवेलवरून नजर काढायची नाहीत.

शनिवारी सकाळी तो टॉवेल खुंटीवरून घसरून खालच्या कपड्यांच्या टोपलीत पडला. मावशींचं लक्ष दाराशी गप्पा मारणाऱ्या झाडूवालीकडे होतं, हात मात्र सवयीने चालूच होते. मशीनमधून कपडे काढताना निळ्या काठाचा एक पांढराशुभ्र, साबणाचा वास मारणारा टॉवेल हाती आला आणि मावशी मटकन स्टुलावर बसल्या. आता ही पोरं हरली, तर आयुष्यभराचं काम राहील बाजूला आणि मावशीने कप घालवला एवढंच लोक लक्षात ठेवतील.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. नवऱ्याने जन्मभर बस चालवली होती आणि कुठलाही रस्ता बंद असला तरी बाजूने गल्ली असतेच यावर त्याचा विश्वास होता. तो थर्मास घेऊन हजर झाला.

"अगं, घाणच करायचीय ना? त्यात काय एवढं! मी घरात फुकट करत होतो तर तू ओरडायचीस."

"चेष्टा नको. आधी दार लावा."

मग दोघांनी तो टॉवेल मशीनमागच्या धुळीत लोळवला. नवऱ्याने त्याला मान पुसली, मग बगला पुसल्या, मग तो बुटाखाली घालून खोलीत एक चक्कर मारली. तरी रंग येईना, तेव्हा थर्मासमधला चहा ओतला.

"अहो, त्या टोकाला कमी ओता," मावशी कळवळून म्हणाल्या. "तिकडून ते चावतात."

दुपारी टॉवेल खुंटीवर होता आणि कॅप्टन नेहमीसारखा तो घेऊन गेला. सामना चालला तेवढा वेळ मावशी छताकडे बघत एकाच मोज्याची घडी करत होत्या. शेवटी वर असा काही कल्लोळ उठला की पाइपांवरची सगळी धूळ त्यांच्या डोक्यावर आली. जिंकले होते, एका बास्केटने. मावशींचा जीव भांड्यात पडला.

पण गंमत पुढेच आहे. रविवारी सकाळी मावशी घरातून निघाल्या त्या कालचाच मळका अ‍ॅप्रन घालून. सुनेने हाक मारली, "आई, अ‍ॅप्रन बदलायचा राहिला वाटतं."

"तुला काय करायचंय?" मावशी फणकारल्या. धुलाईखोलीत नवऱ्यालाही त्यांनी तोच थर्मास घेऊन, त्याच स्टुलावर, काल बसला होता तसंच भिंतीकडे पाठ करून बसवलं. खाज आली तरी हलायचं नाही असं बजावलं.

अंतिम सामना अटीतटीचा झाला. छत कधी गरजायचं, कधी गप्प व्हायचं. अगदी शेवटी पायांचा एक मोठा धडधडाट झाला आणि मग काहीच नाही. दूर कोपऱ्यातून परक्या भाषेतलं गाणं तेवढं ऐकू यायला लागलं. मावशींना कुणी सांगायची गरज नव्हती.

"माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या.

"तू काय चेंडू टाकायला गेली होतीस?"

"तुम्हाला नाही कळायचं. पोरं आता एकमेकांना बोल लावतील. मी उद्यापासून नाहीच इथे. मलाच बोल लावू देत."

कठड्याला धरून त्या वर गेल्या. खेळाडूंच्या खोलीत सगळे लांब पाय पसरून जमिनीकडे बघत बसले होते. कोच कोपऱ्यात, तोच टॉवेल डोक्यावरून ओढून. मावशींनी उंबऱ्यातूनच एका दमात सांगून टाकलं. टॉवेल मी धुतला, काल सकाळी धुतला, त्याच्यावरची घाण खोटी आहे, काय बोलायचं ते मला बोला. या पोरांवर त्यांची माया होती आणि त्यांच्या डोळ्यांत आपण वाईट ठरू याची त्यांना खरोखर भीती वाटत होती.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कॅप्टन घसा खाकरून म्हणाला, "मावशी, आम्हाला कालच कळलं होतं. हाफटाइमला चहाचा वास आला. पण म्हटलं कोचना नको सांगायला. आधीच ते घाबरट."

टॉवेलखालून आवाज आला, "अरे, मला नाही कळलं? चावतो कोण? तोंडात साखर आली तेव्हाच समजलो. तुम्ही हातपाय गाळाल म्हणून दोन दिवस चहा चघळत बसलोय मी."

आधी एकजण फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग ती हरलेली पलटण अशी हसत सुटली की बाहेरून बातमीदार डोकावून गेले. "म्हणजे काल आपण धुतलेल्या टॉवेलवर जिंकलो!" कुणीतरी ओरडलं. मावशी डोळे पुसत हसत होत्या, हसत डोळे पुसत होत्या.

"पण मग आज?" त्यांनी विचारलं.

"आज ते आपल्यापेक्षा चांगलं खेळले," कोच म्हणाले. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून मावशींच्या हातात दिला. "घेऊन जा घरी. आणि आता एकदाचा नीट धुवा, माझी शप्पथ."

तो टॉवेल आता मावशींच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारच्या खुंटीवर असतो. सून काही नवी नाही, आणि धीटही आहे. एका रविवारी तिने तो उचलून सरळ मशीनकडे नेला. गुडघ्यांची तक्रार विसरून मावशी मागे धावल्या.

"खबरदार हात लावलास तर!"

"अहो आई, केवढा डाग आहे त्याच्यावर."

"दिसतोय मला," मावशींनी टॉवेल तिच्या हातातून काढून घेतला, "मीच पाडलाय." आणि झटकून पुन्हा खुंटीला टांगला.