कुलूप तोडल्याचा पंचनामा

आमच्या मरोळच्या रिक्षा स्टँडवर मला सगळे ‘वकील’ म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. युनियननं एकदा एक पिवळं पुस्तक वाटलं होतं, पोलिसांनी गाडी अडवली तर रिक्षावाल्याचे हक्क कोणते, याचं. बाकीच्यांनी ते सीटखाली टाकलं, मी पाठ केलं. लायसन ठेवून घेतलं तर पावती मागायची. झडती घ्यायची असेल तर कारण विचारायचं. बंद सामान उघडायचं असेल तर दोन पंच हवेत, पंचनामा हवा आणि त्याची नक्कल आपल्या हातात पडायला हवी. कुणाला हवालदारानं अडवलं की दुसऱ्या दिवशी तो चहाचा ग्लास घेऊन माझ्याकडे यायचा आणि मी सीटवर पाय पसरून सल्ला द्यायचो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला प्रकार. कारण त्याच वर्षी, ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा, मी माझ्या बायकोच्या ट्रंकेची झडती घेतली. कारण सांगितलं नाही की पंच बोलावले नाहीत.

ती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रेडिओचे भाग जोडायच्या कारखान्यात कामाला होती. साडेपाचपर्यंत घरी यायची. मग आठवड्यातून दोन दिवस तिला साडेसात वाजायला लागले. विचारलं तर म्हणायची, “काम होतं.” स्टँडवर एकानं चेष्टेत विचारलं, “वकील, वहिनींची ड्युटी बदलली काय रे?” मी हसलो आणि आतून जळलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावर असताना घरी आलो, खिळ्यावरची किल्ली काढली आणि ट्रंक उपसली. मला एखादी चिठ्ठी हवी होती, नाहीतर कुणाचा फोटो. दोन्ही नव्हतं. सगळं परत कोंबून ठेवलं.

पण तिच्या साड्यांच्या घड्यांत सुरंगीच्या फुलांचे वाळलेले वळेसार, म्हणजे गजरे, असायचे. आमच्या कोकणात बायका माळून झालेली सुरंगी टाकून देत नाहीत, कपड्यांत ठेवतात, वास राहतो. वाळली की नुसता हात लागला तरी भुगा होतो. तो भुगा लादीवर सांडला होता आणि झाडायचं मला सुचलं नाही. ती आली, चपला काढायच्या आधीच तिनं खाली पाहिलं.

“ट्रंक कोणी उघडली?”

“मी.”

“काय शोधत होतात?”

चुकलो म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “तुझं तुला माहीत.”

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं पितळी कुलूप आणलं, ट्रंकेला लावलं आणि आठ दिवसांनी पिशवीत चार कपडे भरून मुलुंडला भावाकडे गेली. किल्ली बरोबर नेली.

तीन महिने मी त्या कुलूपबंद ट्रंकेबरोबर राहिलो. रिक्षावाल्याचं एक असतं. माणसं दिवसभर त्याच्याशी बोलतात, पण ती त्याच्या पाठीशी. त्याचं तोंड कुणी बघत नाही. पूर्वी घरी गेलं की एक माणूस तरी समोरून बघायचं, आज दमलात काय, म्हणायचं. आता मी कॉटवर आणि समोर ट्रंक. खानावळीतसुद्धा बाकडी अशी मांडलेली की जेवताना समोर भिंत. कधीकधी मी ट्रंकेशीच बोलायचो, आता लाज कसली. म्हणायचो, “बघ हं, हात लावला नाही.” मला फार एकटं वाटत होतं. एवढं साधं वाक्य, पण स्टँडवर कुणाला सांगता आलं नाही. वकिलाला कोण सल्ला देणार?

मग एक दिवस मेवणा स्टँडवर आला. “भावोजी, तिची ट्रंक आणून द्या. कुलूप जसं आहे तसं पाहिजे म्हणते.”

“आणि मग?”

“मग बघू म्हणते.”

तेवढं मला पुरलं. कुलूप शाबूत पोचलं की तिला कळेल, मी तीन महिने हात लावला नाही. माझ्यावर विश्वास बसेल आणि ती परत येईल. माझा सगळा संसार त्या कुलपावर येऊन टेकला होता.

रविवारी दाढी केली, रिक्षा धुतली, ट्रंक मागच्या सीटवर ठेवून दोरीनं बांधली. साकीनाका ओलांडून पवईच्या तलावाशी आलो तर नाकाबंदी. त्या दिवसांत शहरात वातावरण तंग होतं, बेवारस पिशवी दिसली तरी माणसं लांब पळायची. पन्नाशीच्या एका हवालदारानं मला बाजूला घेतलं आणि ट्रंकेवर काठीनं टकटक केलं.

“यात काय?”

“बायकोचे कपडे.”

“उघड.”

“किल्ली बायकोकडे आहे, साहेब. ती मुलुंडला.”

“बायको मुलुंडला, कपडे इथे. बरं चाललंय तुझं.”

तेव्हा हात जोडले असते, भावाचा पत्ता दिला असता, वाटलं तर एखादा शिपाई बरोबर द्या म्हटलं असतं, तर कदाचित कुलूप वाचलं असतं. पण ‘बरं चाललंय तुझं’ मला झोंबलं आणि माझ्यातला वकील उठला. “बंद सामान असं उघडता येत नाही, साहेब. दोन पंच लागतात. पंचनामा लागतो. नक्कल लागते.”

हात दाखवून अवलक्षण ते हेच. हवालदारानं टोपी काढून कपाळ पुसलं. “मला शिकवतोस? बरं. कायद्यानं पाहिजे ना तुला, मग कायद्यानंच करू. आण दोन पंच.”

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायला लागलो. एरवी लोक मला करतात तसा. एक स्कूटरवाला थांबला, ऐकून घेतलं, म्हणाला, “त्याला मागाहून कोर्टात जावं लागतं, नको बाबा.” बसस्टॉपवरच्या दोघांनी मान फिरवली. आमच्याच स्टँडवरचा एक रिक्षावाला आला. त्याला मी चारदा फुकट सल्ला दिला होता. त्यानं मला पाहिलं, पोलिसांना पाहिलं आणि रेस वाढवली. अर्धा तास गेला. मुंबईत येऊन मला बारा वर्षं झाली होती.

“ओळखीचं कोणीच नाही काय रे तुझं?” हवालदारानं विचारलं. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

मी मनात एकेक माणूस आठवायला लागलो आणि लवकरच थांबलो. “आहे,” मी म्हणालो. “मुलुंडला आहे.”

शेवटी तलावाकाठी गळ टाकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून आले, मासे लागत नसावेत. आणि सायकलवरच्या एका पाववाल्याला हवालदारानंच दरडावून थांबवलं. झाले दोन पंच.

“पाना दे तुझा,” हवालदार म्हणाला. मी दिला. “मार.”

“मी नाही मारणार, साहेब. मला त्याला हात लावायचा नाहीये.”

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच तीन घाव घातले. कुलूप तुटून रस्त्यावर पडलं, तेव्हा माझी वाट लागली असंच वाटलं. मग मनात आलं, अजून कागद आहे. कुलूप पोलिसांनी तोडलं, दोन माणसांदेखत तोडलं, हे कागदावर आलं तर ती मानेल. “सगळं लिहा साहेब,” मी म्हणालो. “एकेक वस्तू लिहा.”

“एकेक? बस मग.”

रागारागानं त्यानं दोन कागदांत कार्बन घातला. म्हातारे पंच हात धोतराला पुसून एकेक वस्तू उचलून दाखवत होते आणि हवालदार मोठ्यानं बोलत लिहीत होता. सुती साड्या, सहा. रेशमी साडी, हिरवी, एक. शाळा सोडल्याचा दाखला, एक. वाळलेल्या फुलांची माळ, तुटलेली, एक. मग, लहान मुलाचं लोकरी टोपरं, अर्धं विणलेलं, एक. विणायच्या सुया, दोन.

तो थांबला. “पोर केवढं आहे?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही अजून. लग्नाला सात वर्षं झाली.”

त्यानं पुढे विचारलं नाही. आवाज मात्र खाली आला. दवाखान्याचा केसपेपर, एक. बायकांची तपासणी, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात.

आठवड्यातले तिचे दोन दिवस. पोटी मूल का नाही ते डॉक्टरला दाखवू या, असं तिनं पूर्वी एकदा काढलं होतं. तेव्हा मी खेकसलो होतो, आपल्यात काही खोट नाही, चारचौघांत तमाशा कशाला. मग ती एकटीच जायला लागली असणार. हा केसपेपर त्या दुपारी माझ्या हातातही आला होता. पुरुषाची चिठ्ठी नाही म्हटल्यावर मी तो बाजूला भिरकावला होता. टोपरंही हाताला लागलं असणार, ते तर मला आठवतही नव्हतं. मी ट्रंकेकडे बघायचं सोडून तलावाकडे बघत राहिलो.

‘आक्षेपार्ह काही मिळून आले नाही’ असं शेवटी लिहून झालं. म्हाताऱ्यांनी सही केली, पाववाल्यानं अंगठा दिला. म्हाताऱ्यांनी सगळ्या साड्या नीट घडी करून परत ठेवल्या, वर टोपरं ठेवलं. मी कोंबल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी नीट.

मुलुंडला तीच दारात आली. तिची नजर आधी कडीवर गेली, जिथे कुलूप नव्हतं.

“पोलिसांनी तोडलं,” मी घाईघाईनं म्हणालो. “मी हात लावला नाही. हे बघ, पंचनामा आहे, पंचांची सही आहे, अंगठा आहे.”

तिनं कार्बनची नक्कल घेतली आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या वाचली, ओळीखाली बोट फिरवत. एका ओळीवर बोट थांबलं, कुठल्या ते मला ठाऊक होतं. मग शेवटपर्यंत वाचून झालं.

“पोलीस बरे,” ती म्हणाली. “काय मिळालं ते लिहिलं तरी त्यांनी. तुम्हाला काय मिळालं होतं?”

येताना सगळ्या रस्त्यानं ती यादी माझ्या डोक्यात चालली होती, घडाघडा म्हणून दाखवता आली असती. पण ती हवालदाराची यादी होती.

“काही नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, तिला हेच उत्तर माहीत होतं. मेवण्यानं ट्रंक आत नेली. तिनं मला पाणी दिलं, रिकामा तांब्या परत घेतला, कागद मात्र दिला नाही. मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. मेवणा तिथेच उभा होता, मला लाज वाटली. त्या लाजेचा मला अजून संताप येतो. “उशीर करू नका,” ती म्हणाली आणि आत गेली. ‘मग बघू’ तिनं म्हटलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. ती परत आली नाही.

उन्हं उतरताना पवईला आलो तर तोच हवालदार. त्यानं काठी आडवी केली, मग मला ओळखून खाली घेतली.

“पोचली ट्रंक?”

“पोचली.”

“जा मग.”

माझा पाय ब्रेकवरून निघेना. “झडती घ्या ना, साहेब,” मी म्हणालो.

त्यानं वाकून मागच्या सीटकडे पाहिलं. सीटवर सोडलेली दोरी पडली होती.

“कशाची घेऊ?” तो म्हणाला. “काय आहे तुझ्याकडे?”

मागच्या टेंपोनं हॉर्न दिला, तेव्हा मी गिअर टाकला.