रीडरची पदवी

त्याच्या ओळखपत्रावर फोटोखाली एकच शब्द छापलेला होता: रीडर. 'मीटर रीडर' असं पूर्ण छापायला जागा पुरली नसावी. वीज खात्यात सगळे त्याला रीडरच म्हणत, आणि तेवीस वर्षांत हे नाव असं अंगाला चिकटलं की पगाराच्या दिवशी खऱ्या नावाचा पुकारा झाला तरी तो क्षणभर बसूनच राहायचा.

काम सरळ होतं. सकाळी आठला मशीन खांद्याला अडकवायचं, बॅटरी खिशात टाकायची आणि ठरलेल्या गल्ल्यांत, म्हणजे आपल्या लाइनीवर, दारोदार फिरायचं. मीटर कुठे बसवावा याला काही धरबंध नसतो. कुणाचा जिन्याखाली सायकलींच्या मागे, कुणाचा चपलांच्या कपाटावर, एकाचा तर थेट न्हाणीघरात. बेल वाजवायची, "मीटर" म्हणायचं, आत जायचं, आकडा टिपायचा आणि बाहेर पडायचं. घराला दीड मिनिट. पण दीड मिनिटात त्याला पुष्कळ दिसायचं. कुणाकडे पाळणा हलला, कुणाच्या भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, कुठल्या घरातल्या एका खोलीचं दार आता कायमचं लावलेलं असतं. विचारायची मात्र सोय नव्हती. महिन्याला चार हजार दारं त्याच्यासाठी उघडत. पाणी हवं का असं पुष्कळांनी विचारलं होतं. 'बसा' असं कुणी म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं.

त्याचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं, मग कुणी विषयच काढेना. आई होती तोवर संध्याकाळी घरात भांडी तरी वाजायची. ती गेल्याला तीन वर्षं झाली होती. मोठी ताई दुसऱ्या गावी. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"जेवतोस ना नीट?"

"जेवतो."

"बरं. ठेवू मग?"

नवे मीटर आले आणि आकडे आपोआप कचेरीत पोहोचायला लागले. बाकीच्या रीडरांची कुठे कुठे बदली झाली. त्याला मुख्य कचेरीतल्या मागच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. खोलीत दोन टेबलं. दुसऱ्यावर जुने खोके रचलेले. एखाद्या घरातला विजेचा वापर एकदम वाढला किंवा घसरला की त्या ओळीवर खूण करायची, एवढंच काम. आठ तास तोंडाला कुलूप.

एके दिवशी त्याच्या जुन्या लाइनीवरलं एक घर पडद्यावर आलं. शिवणकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचं. अकरा दिवस रोज तोच आकडा, इकडचा तिकडे नाही. म्हणजे नुसता फ्रीज चालू होता. दिवा नाही, पंखा नाही, शिलाई मशीन नाही. तो साहेबांकडे गेला.

"तक्रार आली का कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेला. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. शेवटी शेजारच्या बाईंनी दार उघडलं.

"त्या होय? मुलीकडे गेल्या राहायला. दहा-बारा दिवस झाले असतील."

"त्यांचा फ्रीज चालू राहिलाय."

शेजारीण सावध झाली. "तुम्हाला काय माहीत? कोण तुम्ही त्यांचे?"

"कोणी नाही. मीटरचा."

"मीटरचं तर आता आपोआप होतं ना?" असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

तो जिन्यात बसला. बाई धडधाकट होत्या, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरेसा नाही. अठरा वर्षं दर महिन्याला तो त्या घरात गेला होता आणि त्यांना मुलगी आहे हे त्याला आज कळत होतं. जाताना त्यांनी त्याला सांगून जावं असं तरी काय होतं? तो कोण लागून गेला होता?

परतताना एका कॉलेजच्या भिंतीवर त्याला फलक दिसला. सामाजिक शास्त्रांची आंतरविद्याशाखीय पदवी, सायंकाळचे वर्ग, वयाची अट नाही. खाली विषय होते: समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र, लोकसंख्या. त्यानं ती यादी दोनदा वाचली. दीड मिनिटात आपण जे ओझरतं बघत आलो, त्यावर माणसांनी बूड टेकून पुस्तकं लिहिली आहेत, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

प्रवेशाच्या दिवशी दारातल्या शिपायानं ओळखपत्र मागितलं. 'रीडर' म्हणजे विद्यापीठातला मोठा हुद्दा समजून तो अदबीनं उभा राहिला आणि त्याला थेट प्राध्यापकांच्या खोलीत घेऊन गेला. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. चहा अर्धा झाल्यावर समाजशास्त्राच्या बाई आल्या.

"आपण कुठल्या विद्यापीठातून?"

"वीज खात्यातून," तो उठून उभा राहत म्हणाला. "प्रवेश घ्यायचाय."

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "चहा संपवा आधी," त्या म्हणाल्या. "नंतर या खोलीत मिळणार नाही."

पहिल्या वर्षी त्या शाखेला अकरा जण होते. पण शाखेला स्वतःची खोली नव्हती. सोमवारी अर्थशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर, मंगळवारी मानसशास्त्रात, बुधवारी आणखी कुठे. जाल तिथे पाहुणे. हजेरीपटात त्यांची नावं शेवटी, 'इतर' या शीर्षकाखाली. विशीतली मुलं त्याला काका म्हणायची. वागायची चांगली. तो आला की बाकावर सरकून जागा द्यायची, जरा जास्तच जागा द्यायची. वर्गाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा एका मुलीनं हसून मोबाइल त्याच्या हातात दिला. "काका, तुम्ही काढता का? सगळे आले पाहिजेत हं." त्यानं तीन काढले. सगळे आले होते.

एकदा अर्थशास्त्राच्या सरांनी फळ्यावर लिहिलं: कुटुंब हे उपभोगाचं एकक. त्यानं हात वर केला.

"सर, कुटुंब म्हणजे एक चूल की एक मीटर?"

वर्ग हसला. "म्हणजे काय?" सर म्हणाले.

"माझ्या लाइनीवर एका मीटरवर तीन चुली होत्या. आणि दोन भावांच्या घरात चूल एक, मीटर दोन. भांडण मिटलं होतं, मीटर मिटवायचा राहिला होता."

सरांनी खडू खाली ठेवला. "हे तुम्ही समाजशास्त्राच्या बाईंना विचारा," ते म्हणाले. बाईंनी ते लोकसंख्येच्या सरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की आपण एक व्याख्या धरतो आणि पुढे जातो. आपला प्रश्न घेऊन तो आठवडाभर जिने चढत-उतरत होता. उत्तर मिळालं नाही, पण त्या आठवड्यात तो इतक्या लोकांशी बोलला की शुक्रवारी त्याचा घसा बसला.

तिसऱ्या वर्षापर्यंत अकराचे तीन उरले. तो, पाळी संपवून येणारी आणि बाकावर बसल्या बसल्या पेंगणारी एक नर्स, आणि एक मुलगा जो आहे हे फक्त हजेरीपटालाच माहीत होतं. प्रकल्पाची वेळ आली.

"विषय काय घेणार?" समाजशास्त्राच्या बाईंनी विचारलं.

"एकट्यानं राहणारी माणसं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कचेरीतले आकडे वापरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ते लोकांनी तुम्हाला दिलेले नाहीत. पायी जायचं, विचारायचं. आणि मुलाखतीत आपलं पुराण लावायचं नाही. फक्त ऐकायचं."

तो जुन्या लाइनीवर गेला. खांद्यावर मशीन नाही, हातात कागदांची फाइल. त्याला वाटलं होतं, लोक ओळखतील. कुणी ओळखलं नाही. 'मीटर' म्हटल्यावर झटकन उघडणारी दारं 'सर्वेक्षण' म्हटल्यावर साखळीवर अडत होती. "आम्हाला काही घ्यायचं नाही," आतून आवाज यायचा. "मी काही विकत नाही," तो म्हणायचा, आणि दार आणखीच घट्ट व्हायचं. दारं आपल्याला कधीच उघडत नव्हती, मीटरला उघडत होती, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तीन महिन्यांत त्यानं बासष्ट दारं वाजवली. एकोणीस उघडली.

तेरावं दार तिसऱ्या मजल्यावर होतं. एका सडपातळ म्हाताऱ्या बाईंनी साखळी न काढताच विचारलं, "बोला, काय काम?"

त्यानं काम सांगितलं. "विचारा इथूनच," त्या म्हणाल्या. तो फटीतून प्रश्न विचारत गेला.

"काल दिवसभरात किती माणसांशी बोललात?"

"तुम्हाला धरून?"

"मी आज आलोय. काल नव्हतो."

"मग एकही नाही. तुम्हाला आजमध्ये धरा."

त्यानं शून्य लिहिलं. "पूर्वीचा व्यवसाय?"

"टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं. एका पाळीत बाहेरगावचे दोनशे ट्रंक कॉल जोडायचे."

"म्हणजे दिवसाला दोनशे जणांशी बोलायचात?"

"चारशे. दोन्ही टोकांना माणसं असतात की." मग त्यांनी पुस्ती जोडली. "माझ्याशी कुणी बोलायचं नाही म्हणा. नंबर सांगायचे."

फॉर्मवर यासाठी चौकोन नव्हता. माझंही असंच, चार हजार दारं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समाजशास्त्राच्या बाईंनी बजावलं होतं. त्यानं आभार मानले आणि जिना उतरला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळला. "निष्कर्षाचं प्रकरण फारच छोटं आहे."

"एकोणीस जणांवरून निष्कर्ष काढता येत नाही, सर."

"मग तीन महिने केलंत काय?"

"दारं वाजवली."

परीक्षकांना हे उद्धट वाटलं की आवडलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. गुण मात्र चांगले पडले. समारंभ कामाच्या दिवशी होता, म्हणून प्रमाणपत्र त्यानं दुसऱ्या दिवशी खिडकीवरून घेतलं. नर्सचं प्रमाणपत्रही तिथेच पडून होतं. साहेबांनी सेवापुस्तकात नोंद करून घेतली आणि म्हणाले, "आता शिकलेले झालात. आम्हाला जपून बोललं पाहिजे." आणि तो मागच्या खोलीत जाऊन बसला. रविवारी ताईला सांगितलं.

"अरे वा! आता बढती?"

"नाही."

"मग रे कशाला एवढं?"

"असंच," तो म्हणाला. ताई मनापासून म्हणाली, "आई असती तर..." आणि त्या दिवशी तिनं फोन लवकर ठेवून दिला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो तिसरा मजला चढला. बेल वाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यात आपण कुणाची बेल कामाशिवाय वाजवलेली नाही. दार साखळीपुरतं उघडलं.

"पुन्हा प्रश्न?"

"नाही. प्रश्न संपले. मी पास झालो."

"अभिनंदन. मग काय काम?"

"काम काही नाही. सहज."

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांच्या अंगात घरातला जुना झगा होता, केस विंचरलेले नव्हते. त्या एका हातानं केस सावरत राहिल्या. "सहज येणाऱ्यांसाठी मी तयार नसते," त्या म्हणाल्या. "आणि मला माणसं समोर आली की सुचत नाही. फोन करा." त्यांनी नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा सुटा, स्वच्छ. त्याच्याकडे कागद नव्हता. त्यानं तो तळहातावर लिहिला.

बुधवारी कचेरी सुटल्यावर त्यानं बाहेरच्या पायरीवर उभं राहून फोन लावला. पलीकडून आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, चुकीचा नंबर लागला. तरुण, तरतरीत, हसरा आवाज.

"बोला! कोण बोलतंय?"

"मी... सर्वेक्षणवाला."

"हां! बोला, बोला. कुठून बोलताय? गाड्यांचा आवाज फार येतोय, जरा भिंतीकडे वळा. हां, आता कसं."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्यांनी गुडघ्याचं सांगितलं, वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याचं सांगितलं. त्यानं चार हजार दारांचं सांगितलं. शिलाईवाल्या बाईंच्या फ्रीजचंही सांगितलं, आणि त्या खळखळून हसल्या. मग तोही हसला, कारण त्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं हे त्याला आत्ताच कळलं. मध्येच त्यांचा स्वर एकदम कामाचा झाला.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"काय?"

"कॉल हो. ट्रंक कॉलला दर तीन मिनिटांनी आम्हाला विचारावं लागायचं."

"वाढवा," तो म्हणाला.

वाढवा म्हटलं खरं, पण पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. पलीकडे कुठेतरी नळ गळत असल्याचा आवाज येत होता. कचेरीतली माणसं त्याच्या मागून पायऱ्या उतरून घरी चालली होती. कुणी त्याला हाक मारली नाही, आणि त्यानंही मागे वळून पाहिलं नाही. फोन कानाला लावून तो तसाच उभा राहिला.