आवाज नसलेला व्हिडिओ

नांदुऱ्यात मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या दिवशी जवळच्या खेड्यातली एक मावशी जिना चढून वर आली. तिच्या हातातल्या कागदावर गावच्या मास्तरांनी शेतीविषयीच्या एका संकेतस्थळाचा पत्ता लिहून दिला होता.

"याच्यात आमचे हे आहेत म्हणतात," ती म्हणाली. "मले पाहू द्या, मॅडम."

अळी लागत नाही म्हणून बीटी कपाशी नवीन आली होती तेव्हा त्यांच्या वावरात शेतकऱ्यांचा मेळावा झाला होता. तिचा नवरा तिथं चार शब्द बोलला, ते कोणी तरी चित्रित केलं. पुढं बीटीवरही अळी आली, फवारण्या वाढल्या. अशाच एका फवारणीत पाठीवर पंप असतानाच तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

मी पत्ता टाकला. थोड्या वेळानं पडद्यावर तो आला. डोक्याला रुमाल, एका हातात कपाशीची फांदी. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मावशी खुर्चीवरून पुढं सरकली. "काऊन बोलत नाही हा?"

स्पीकरची वायर हलवून पाहिली. गाणं लावलं, ते वाजलं. मग माझ्या लक्षात आलं. आमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्यात व्हिडिओ दाखवणारी दोन प्लगइन बसलेली होती. एक आधीच्या सरांनी टाकलेलं, एक मी. ब्राउझर नेमकं जुनं, अर्धवट चालणारं उचलत होता. मी ते काढायला गेले तर दुसरं रुसलं. त्याच्या काही फायली पहिल्याच्या पॅकेजमध्ये अडकलेल्या होत्या. तासभर खटपट केली. शेवटी दोन्ही गेली आणि पडद्यावर तिच्या नवऱ्याच्या जागी नुसता करडा चौकोन उरला.

तिची गाडी सुटायची वेळ झाली होती.

"पुढच्या बाजाराले या, मावशी. आवाजासकट दाखवते."

"हाव," ती म्हणाली.

त्या आठवड्यात रोज दुपारी क्लास सुटला की मी तेच करत बसायचे. इंटरनेटवर एका मंचावर प्रश्न टाकला. कोणी तरी उत्तर दिलं: दोन्ही पॅकेजं मुळापासून काढा, ब्राउझरनं साठवलेलं जुनं सगळं पुसा, मग एकच बसवा. तसंच केलं. दुसऱ्याच एका व्हिडिओतलं गाणं खणखणीत वाजलं, तेव्हा मी एकटीच हसले. मग मावशीनं आणलेला पत्ता टाकला.

पान नव्हतं. संकेतस्थळ नवं केलं होतं, जुने व्हिडिओ काढून टाकले होते. मी संकेतस्थळवाल्यांना दोन ई-मेल पाठवले, उत्तर आलं नाही.

आणि तेव्हा मला कळलं की आपण पाहिलेल्या व्हिडिओची एक प्रत ब्राउझर मशीनमध्येच ठेवतो. त्या व्हिडिओची प्रत इतके दिवस आमच्याच मशीनमध्ये असणार. ती मी माझ्या हातानं पुसली होती.

मावशी आली. व्हिडिओ निघून गेला, एवढंच मी सांगितलं. तिनं बंद पडद्याकडे पाहिलं.

"त्यानं काय सांगतलं ते मले पाठ आहे," ती म्हणाली. "मी तिथंच उभी होती. फांदी धरली अन् म्हणे, औंदा फवाराचं काम नाही. शब्द आहेत माह्याजवळ. आवाज आठवत नाही आता. कसा बोले, तेच आठवत नाही, मॅडम."

पुसलेल्या प्रतीचं तिला सांगावं, असं ओठावर आलं होतं. पण तिनं पिशवीतून तुरीच्या हिरव्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. "तुमी लय तरास घेतला," ती म्हणाली.

मी शेंगा घेतल्या. ते सांगायचं मात्र राहूनच गेलं.