शेवटच्या घरची घुमटं

आमच्या केंद्रात एक स्टीलचं कपाट आहे. त्यात अहवाल आहेत, फोटो आहेत, पणजीच्या ऑफिसात पाठवलेल्या कागदांच्या झेरॉक्स आहेत. किस्से मात्र त्या कपाटात मावत नाहीत, ते माझ्याकडे येतात. दर रविवारी एखादा तरी पदरात पडतोच. डिचोलीच्या बाजारात कुणी भेटलं की "शुभावयनी, कितें नवीन?" म्हणून विचारतं, आणि मग मला भाजीची पिशवी खाली ठेवावी लागते. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर सांगूनच टाकते. पण एक लक्षात ठेवा, मी चटकन भारावणारी बाई नव्हे. भाषणं ऐकताना मला जांभया येतात.

केंद्र म्हणजे वाड्यावरच्या मंडळाची एक खोली. परराज्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांसाठी ती रविवारी उघडते. त्यांच्या मुलांना शाळेत घालायचं, बायकांना दवाखान्यात न्यायचं, इथलं बोलणं शिकवायचं, असं आमचं काम. चालवणाऱ्या दोघी: निवृत्त झालेल्या शालन टीचर आणि मी. मंडळाचे अध्यक्ष पुंडलीकबाब, वाड्यातल्या सगळ्यांत जुन्या घरातले. त्यांनी खोली दिली, पण अट घालून. "आयतार सोडून हेर दिसा हांगा भायल्यांची गर्दी नाका," म्हणाले. भायले म्हणजे बाहेरून आलेले.

* * *

पहिल्या रविवारी शालन टीचरनी ठसठशीत अक्षरांत बोर्ड लावला: 'स्थलांतरित कुटुंब सहाय्य केंद्र'. आम्ही सतरंज्या घातल्या, टोपभर चहा केला, पोदेराकडून, म्हणजे आमच्या बेकरीवाल्याकडून, पावाचे उंडे घेतले. आणि कुणीही आलं नाही. चहावर साय धरली. नंतर कळलं की बोर्ड बघून लोकांना वाटलं, पोलीस पुन्हा नावं लिहून घ्यायला आलेत.

बऱ्याच वेळाने नाल्यापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांतली एक बाई दारात उभी राहिली. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. ही यल्लव्वा, विजापूरकडची. नवरा मल्लप्पा गवंडीकाम करतो. तिने टोपाकडे पाहिलं, उंड्यांकडे पाहिलं, मग आम्हा दोघींच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि निघून गेली. परत आली ती सगळ्या खोल्यांतल्या बायका-मुलांना घेऊनच! मंडळी बसली, चहा प्यायली, उंडे संपवले. शालन टीचर आनंदाने रडायच्याच बाकी होत्या.

मी यल्लव्वाला विचारलं, "बोर्ड वाचून आयलें गो तूं?"

"ना गे. तुमचो कार्यक्रम, आनी कोण येवंक ना. म्हाका वायट दिसलें. म्हण हाडलीं सगळ्यांक."

सहाय्य केंद्राचं पहिलं सहाय्य हे असं आम्हालाच मिळालं. बोर्ड आम्ही त्याच संध्याकाळी उतरवला.

* * *

एका रविवारी ठरलं की प्रत्येकीने आपल्याकडचं काहीतरी करून आणायचं. यल्लव्वाने जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या आणल्या, पातळ, वर तीळ लावलेल्या. पुंडलीकबाब चहाचा कप घेऊन दारात उभे राहून बघत होते. आत यायचं नाही आणि घरी पण जायचं नाही, ही त्यांची रविवारची जागा.

"जोंधळे आमी कोंब्यांक घालतांव," ते म्हणाले.

यल्लव्वाला इथलं बोलणं चांगलं कळायचं. तिने एक भाकरी मोडली, त्यांच्या बशीत ठेवली आणि म्हणाली, "बुडोवन खा."

पुंडलीकबाब जन्मभर चहात पोदेराची कडक कांकणं, म्हणजे बांगडीसारखे पाव, बुडवून खात आलेले, आणि आता दात उरलेत ते दर्शनी. त्यांनी तुकडा बुडवला, खाल्ला, दुसरा घेतला. मग उरलेल्या भाकऱ्या रुमालात बांधून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची सून मला कुंपणाकडे बोलावून विचारते, "वयनी, मामा विचारतात, कोंब्यांचें खाण येत्या आयताराक आसा काय?"

* * *

पणजीहून एक मॅडम पाहणीला आल्या होत्या. चांगल्या बाई, मनापासून विचारत होत्या. त्यांनी यल्लव्वाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "केंद्रामुळे तुमच्या जीवनात काय बदल झाला?"

शालन टीचरनी तिच्याकडून उत्तर आधी घोटून घेतलं होतं. आरोग्य, शिक्षण, स्वच्छता. यल्लव्वाने थोडा विचार केला आणि आमच्या दोघींकडे बोट दाखवलं.

"म्हज्या न्हय बाई, हांच्या. ह्यो दोगी आदीं एकमेकींकडेन उलयनासल्यो."

खरंच होतं ते. कुंपणावरच्या फणसावरून शालन टीचर आणि मी कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. केंद्रासाठी बोलायला लागलो आणि मग बोलतच राहिलो. हे आमच्याही ध्यानात आलं नव्हतं, तिच्या मात्र अचूक आलं.  मॅडमनी गंभीरपणे ते 'सामाजिक सलोखा' या सदरात लिहून घेतलं.

* * *

आता आरतीचं सांगते. आमच्याकडे वर्षाचे सगळे सण एका बाजूला आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, एका बाजूला. चवथीच्या संध्याकाळी वाड्यातली मंडळी घुमटं वाजवत घरोघर आरतीला जातात. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणून बसवलेलं. घरांचा क्रम बापजाद्यांपासून ठरलेला आहे. पहिलं घर पुंडलीकबाबांचं आणि शेवटचं माझं.

शेवटचं का? तर आम्ही भायले. माझे सासरे खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून दोडामार्गाकडून आले. आमचं मूळ गाव कुठे, तर लाटंबार्शाच्या पुढे गोव्याची हद्द ओलांडली की लगेच. सकाळी निघून देवाला नारळ ठेवून माणूस जेवायला परत येतो. पण शेवटचं ते शेवटचं. माझ्या घरी पोचेपर्यंत सगळ्यांचे घसे बसलेले, पोटं दहा घरच्या उसळीने भरलेली. आरतीची अर्धी कडवी गाळून मोकळे होत. शेवटच्या घराला मान एकच. वाड्याची दोन घुमटं वर्षभर तिथे राहतात, चुलीच्या वर खिळ्याला टांगून, म्हणजे पावसात चामडं कोरडं राहतं. घरात गॅस आला तरी त्या घुमटांपायी मी मागची चूल मोडली नाही.

यल्लव्वा खोलीत छोटा गणपती आणायची. दर वर्षी घुमटांचा आवाज जवळ जवळ यायचा आणि माझ्या अंगणातून मागे फिरायचा. एका रविवारी भांडी घासता घासता तिने विचारलं, "वयनी, आरत नाल्यापलतडीं केन्ना येतली गे?"

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तशीच ओल्या हातांनी पुंडलीकबाबांकडे गेले.

"क्रम थारिल्लो आसा," ते म्हणाले. "मदीं घर घालूंक जायना."

माझं डोकं फिरलं. "मदीं कोण म्हणता? शेवटाक घाला."

त्यांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेवटाक घातलें जाल्यार तुजें घर शेवटचें उरचें ना."

"नाका उरूंक," मी म्हटलं.

त्या चवथीला, लग्न होऊन मी आले तेव्हापासून पहिल्यांदा, घुमटं माझ्या अंगणातून पुढे गेली. नाल्यावरच्या फळीवरून एकेक माणूस पलीकडे उतरला. मी दारातून बघितलं आणि मग त्यांच्या मागोमाग पलीकडे गेले. यल्लव्वाला वाड्याने आत घेतलं म्हणून सगळे मला शाबासकी देत होते. पण त्या संध्याकाळी आत आले ती मीसुद्धा, हे कुणाला काय सांगणार?

आरती झाल्यावर पुंडलीकबाबांनी दोन्ही घुमटं आपल्या हाताने तिला दिली, चुलीवर ठेवायची, गावी गेली तरी सांभाळायची आणि येत्या चवथीला आणून द्यायची, या बोलीवर. "चुलीर दवर. गांवाक गेल्यार सांबाळ. येते चवथीक हाडून दी."

* * *

पुढच्या उन्हाळ्यात मल्लप्पाचे वडील आजारी पडले. निरोप आला तशी दोघं खोलीला कुलूप घालून गेली. पावसाळा आला, ती आली नाहीत. फोन लागेना. मालकाने वाट बघितली आणि शेवटी कुलूप काढून खोली ओडिशाहून आलेल्या एका जोडप्याला दिली. नवरा कारखान्यात कामाला, बायको सबिता. ती दाराबाहेर फारशी दिसत नसे. खोली रिकामी केली तेव्हा मी तिथे गेले होते. भांडी होती, चटई होती. चुलीवरचा खिळा रिकामा होता.

वाड्याला तोंड फुटलं. "घुमटां घाट चडलीं," म्हणजे तिने ती गावी पळवली, असं मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने लोक बोलू लागले. श्रावणात मंडळाची बैठक भरली. आधी घुमटं आणा, मग केंद्र चालवा, नाहीतर चवथ झाली की केंद्राच्या खोलीला कुलूप, असं ठरायला लागलं. म्हणजे मुलांचा अभ्यास, बायकांचा दवाखाना, सगळं गेलं. शालन टीचर रडवेल्या झाल्या. मी म्हटलं, डिचोलीच्या कुंभारांकडे नवी मिळतात, मी आणते.

पुंडलीकबाब पहिली शिवी मला घालणार, अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "नवीं कित्याक? आमचीं आसात. चवथीक हाडून दी म्हण सांगलां हांवें तिका. चवथ जाली काय अजून?"

त्यांनी नवी आणू दिली नाहीत. रोज संध्याकाळी मात्र पोफळीच्या काठीचा आधार घेत बसस्टँडपर्यंत फिरून येऊ लागले. पाय मोकळे करायला, म्हणायचे.

चवथीच्या आदल्या दिवशी बाजार माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या, रानफळांनी भरला होता. मी त्यातल्याच कांगलांची घासाघीस करत होते, तेवढ्यात घाटावरची बस आली. दारातून आधी एक गोधडीचं गाठोडं बाहेर आलं आणि त्याच्या मागून ते छातीशी धरलेली यल्लव्वा. मागे सामान घेतलेला मल्लप्पा. पुंडलीकबाब तिथेच बाकावर होते. तिने स्टँडवरच बसकण मारली आणि गाठ सोडली. दोन्ही घुमटं होती.

"चूल बंद, खोली बंद," ती म्हणाली. "हांगा दवरल्यार पावसांत चामडें कुसतलें. म्हण व्हेलीं. फोन बांयत पडलो."

फोन विहिरीत गेला होता, सासरा बरा झाला होता. घुमटं तिने जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवली होती. पुंडलीकबाबांनी एक मांडीवर घेतलं आणि बोटाने टिचकी मारली. विजापूरच्या कोरड्या हवेत चामडं असं ताणलं गेलं होतं की भर बाजारात माणसं वळून बघू लागली. आमच्या दमट हवेत तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "घाटावयलें वारें लागलां ताका," ते म्हणाले आणि डोळे पुसत राहिले. मी, जांभया देणारी बाई, त्या गर्दीत यल्लव्वाला हात जोडून उभी होते.

पण आता तिला खोली नव्हती. माझ्या पडवीत राहा म्हटलं. म्हणजे शेवटचं घर पुन्हा माझंच. मी उसळ जास्तीची टाकली, चुलीवरचा जुना खिळा पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर आरती माझ्याकडे आली, संपली, आणि मंडळींनी जुन्या सवयीने घुमटं माझ्या सोप्यावर ठेवली.

यल्लव्वाने ती उचलली. "शेवटचें घर हें न्हय," म्हणाली आणि नाल्याकडे चालू लागली.

सगळे तिच्या मागोमाग गेले. तिच्या जुन्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सबिता चौकटीला धरून उभी, घाबरलेली. आत पालथ्या बादलीवर लाल कापड आणि त्यावर वीतभर गणपती. केंद्र आम्ही चालवतो, पण तिथे गणपती आहे हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. यल्लव्वा दुपारी आपली चूल बघायला म्हणून गेली होती, तिने पाहिलं होतं.

पुंडलीकबाबांनी चपला काढल्या आणि आत गेले. घसे बसलेले होते, पण त्या आरतीतलं एकही कडवं कुणी गाळलं नाही.

मग यल्लव्वाने दोन्ही घुमटं सबिताच्या हातांत ठेवली आणि चुलीकडे बोट केलं. "चुलीर दवर. गांवाक गेल्यार सांबाळ. येते चवथीक हाडून दी."

सबिताला कोंकणीतलं एक अक्षर कळत नाही. ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शालन टीचर हिंदीतून समजावायला पुढे झाल्या, तर पुंडलीकबाबांनी काठी आडवी धरून त्यांना थांबवलं.

सबिता आत वळली, आणि चुलीच्या वर, काजळी धरलेल्या भिंतीवर हात फिरवत खिळा शोधू लागली.