फुकटची हवा

जगातलं सगळं दुःख पेट्रोलमुळं जन्माला आलं, असं मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि माझं नशीब असं थोर की तो नेमका माझा साडू निघाला. साडूभाऊ उस्मानपुऱ्यातून औरंगपुऱ्यातल्या कचेरीत रोज सायकलनं जातात. जाऊ द्या की! पण नुसते जात नाहीत, वाटेत भेटेल त्याला सायकलीचे फायदे ऐकवत जातात. पेट्रोल नाही, विमा नाही, पार्किंग नाही, पोलिसाची पावती नाही. कुणी नव्या गाडीचे पेढे आणले की पेढा तोंडात टाकून गोड आवाजात विचारतात, "हप्ता किती बसला?" पेढे आणणाऱ्याचं तोंड कडू होतं. आता खरं सांगतो. क्रांती चौकाकडचा चढ आला की साडूभाऊंचा एक हात शेजारच्या रिक्षाच्या दांड्यावर असतो, आणि ऊन तापलं की सायकल माझ्या दारात अन् साडूभाऊ माझ्या स्कूटरवर. त्यांचं जे पेट्रोल वाचतं, ते माझ्या टाकीतनं वाचतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण साडूभाऊंच्या घरात एकुलती एक लेक लग्नाची होती. पाहुणे पोहे खायला बसले की हे मुलाचं शिक्षण विचारायचे नाहीत, गाडी अ‍ॅव्हरेज किती देते ते विचारायचे. एक चांगला इंजिनियर मोठ्या फटफटीवर आला, एवढ्यावरनं परत गेला. मेहुणी आमच्याकडं येऊन रडून गेली. शेवटी लेकीनंच पैठण रोडचा एक मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, माणसं सालस, आणि घरचा धंदा पेट्रोल पंपाचा. देवालाही विनोद कळतो, हे मला त्या दिवशी पटलं. आता हे नाय म्हणणार, म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो. साडूभाऊंनी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं आणि व्हय म्हणून मोकळे झाले.

लग्न झालं. आमच्याकडं लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, उठसूट जाणं तर दूरच. जुन्या वळणाचे साडूभाऊ हे कटाक्षानं पाळतात. मात्र दर रविवारी सायकल दामटत व्याह्यांच्या पंपावर हवा भरायला जातात. सायकलवाला पैसे घेतो, तिथं फुकट मिळते, असं वर गावभर सांगतात. चिक्कूपणाचा कळस, म्हणून मीही चारचौघांत हसलो आहे.

परवा त्याच रस्त्यानं जात होतो. पंपाच्या अलीकडं लिंबाखाली साडूभाऊ चाकाशी वाकलेले दिसले. पंक्चर झालं असेल म्हणून थांबलो, तर हे गृहस्थ व्हॉल्व्ह सैल करून चांगली भरलेली हवा सोडून देत होते. भाजीवाल्याकडची फुकटची कोथिंबीरसुद्धा कधी न सोडलेला माणूस! मला पाहून ओशाळले.

"बिनकामाचं कसं जावं हो लेकीच्या दारी?" एवढंच म्हणाले.

मी स्कूटर ढकलत त्यांच्याबरोबर पंपावर गेलो. लेक तिथं गल्ल्यावर बसते. बापाला पाहून उठून आली, तांब्या पुढं केला. यांनी हातानंच नको म्हटलं. मग तिनं स्वतः नळी घेऊन दोन्ही चाकं भरली. साडूभाऊंनी अंगठ्यानं मागचं चाक दाबून पाहिलं. ते दगडासारखं टणक झालं होतं.

"अजून थोडी लागंल, बाई," ते म्हणाले, आणि तिनंही पुन्हा नळी लावली.