पानावरचा हळदीचा अंगठा

वाचनालयातून आणलेल्या प्रेमकादंबरीच्या ऐन रंगात आलेल्या पानावर मला हळदीचा अंगठा दिसला. पिवळाधमक, ताजा. हा अंगठा मी ओळखतो! म्हणजे बायकोनं फोडणी देता देता ही कादंबरी माझ्याआधीच वाचून काढली होती.

कालपासून आमचा अबोला होता. कारण काय, तर पंखा. मला तो जोरात लागतो, तिला मंद. आणि कादंबरीतल्या जोडप्याचंही पंख्यावरूनच बिनसलेलं! पूर्वी प्रेमाच्या आड घराणी यायची, खलनायक यायचे. आता रेग्युलेटर येतो. आपल्या घरातलं एवढंसं भांडण असं छापील अक्षरांत भेटलं की जीव भांड्यात पडतो. चला, आपण एकटेच वेडे नाही!

मी खुशीत हसत होतो. पण अंगठ्याच्या पानावर नायिकेनं चक्क बॅग भरायला घेतली आणि माझं हसू आटलं. वाचता वाचता बायकोचा अंगठा नेमका इथंच का थबकला असेल?

“कुठवर आलात?” स्वयंपाकघरातून आवाज आला. कालपासूनचा पहिला शब्द!

“बॅग भरतेय गं ती,” मी रडवेल्या सुरात म्हणालो. “जाते का?”

“नाही हो जात. तेवढा पंखा कमी करायला सांगा त्याला.”

मी ताडकन उठलो, पंखा कमी केला आणि मगच पान उलटलं. उरलेली कादंबरी मी घामाघूम होऊन, पण फार सुखात वाचली.